गल्ल्यावर तुम्ही, कागदावर कोण?

पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार.

रत्नागिरीत जुन्या बाजारपेठेला लागून एका आळीत आमचं किराणा दुकान आहे. आजेसासऱ्यांनी सुरू केलेलं. जागा भाड्याची, पावती अजून सासऱ्यांच्या म्हणजे तात्यांच्या नावानं येते. तात्यांना 79 वं चालू आहे. माझे मिस्टर नऊ वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून दुकान मीच बघते. माझं वय 47. मुलगा पुण्याला नोकरीला, नणंद डोंबिवलीला.

गेल्या काही वर्षांत आळीतले दोन वाडे पडले आणि तिथे इमारती झाल्या. नवीन लोक सामान मोठ्या दुकानातून गाडी भरून आणतात, नाहीतर फोनवरून मागवतात. त्यांचं मला काही नाही. पण समोरच्या काकूही आता महिन्याची यादी फोनवर देतात. माझ्या लग्नापासून त्यांच्याकडे जाणं-येणं आहे, मिस्टर गेले तेव्हा तेरा दिवस त्यांच्याच घरचा डबा होता. डिलिव्हरीचा पोरगा पत्ता मलाच विचारतो, त्या घरात नसल्या तर पार्सल माझ्याकडेच ठेवतो. संध्याकाळी त्याच काकू मिठाची पुडी न्यायला येतात आणि म्हणतात, वहीत लिही गो. परवा मी पार्सल ठेवून घ्यायला नाही म्हटलं. तेव्हापासून त्या दुकानावरून मान खाली घालून जातात. मला रात्री झोप नाही.

मालकाचा मुलगा सांगून गेलाय, वाडा बिल्डरला द्यायचाय, शटर खाली ओढा, काहीतरी रक्कम हातावर ठेवतो. आमचा मुलगा म्हणतो, घे आणि पुण्याला ये. तात्यांपुढे विषय काढला की ते पानावरून उठतात. मी काय करू? आणि काकूंशी वागले ते चुकलं का?

– एक सून, रत्नागिरी

उत्तर:

ताई, काकूंचं आणि तात्यांचं पुढे बोलू. आधी मालकाच्या मुलाचं. कुठेही सही करू नका, आणि शटर खाली ओढू नका. चार दिवस कंटाळा आला म्हणूनही नको.

महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, 1999 आहे. जुन्या भाडोत्र्याला तोंडी सांगून उठवता येत नाही, मालकाला कोर्टात जाऊन कारण सिद्ध करावं लागतं. वाडा पाडून नवं बांधायचं हे एक कारण होऊ शकतं, पण तेही कोर्टापुढे मांडावं लागतं. त्याच कायद्याच्या कलम 16 मध्ये आणखी एक कारण आहे, आणि ते दुकानदारांना सहसा माहीत नसतं. ज्या धंद्यासाठी जागा घेतली त्या धंद्यासाठी ती सबळ कारणाशिवाय सलग 6 महिने वापरली नाही, तर मालक ती परत मागू शकतो. ‘तुम्ही नुसतं शटर ओढा, बाकीचं आपण नंतर बघू’ हे बोलणं कितीही गोड वाटलं तरी त्यातला ‘नंतर’ तुमच्या बाजूचा नाही. तो मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही. वाडा जुना झालाय, भाडं किरकोळ येतंय, त्यालाही मोकळं व्हायचं असेल. पण त्याची सोय म्हणून तुमचा हक्क बोलण्या-बोलण्यात निघून जायला नको.

दुसरी गोष्ट तुमच्या स्वतःच्या जागेची. पावती तात्यांच्या नावावर, गुमास्ता म्हणजे दुकानाची सरकारी नोंद आणि बँकेतलं खातं बहुतेक त्यांचंच, क्यूआर कोड मुलाच्या नाहीतर त्यांच्या खात्याचा. नऊ वर्षं गल्ल्यावर तुम्ही बसताय आणि कागदावर तुम्ही कुठेच नाही. तात्यांना शंभर वर्षं आयुष्य लाभो. पण भाडोत्र्याच्या मागे धंद्याची जागा कुणाकडे जाते याबद्दल हा कायदा म्हणतो, की त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत त्या जागेत धंदा करणारी घरातली व्यक्ती, आणि तशी कुणी नसेल तर वारस. ‘सोबत धंदा करणारी’ हे उद्या तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. आळीला माहीत आहे, हे वकिलाच्या टेबलावर पुरत नाही. घाऊक व्यापाऱ्याची बिलं तुमच्या नावानं येऊ द्या. अन्नपदार्थ विकण्याची एफएसएसएआयची नोंदणी बघा, कुणाच्या नावावर आहे, चालू आहे की संपली आहे. लहान दुकानांना गुमास्त्यासाठी आता नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना देऊन भागतं, ती कुणाच्या नावानं गेली आहे तेही बघा. मात्र परस्पर भागीदारी करून किंवा नावं बदलून मोकळ्या होऊ नका. त्यातूनच ‘जागा दुसऱ्याला दिली’ असा अर्थ काढायला मालकाला वाव मिळतो. भाड्याच्या सगळ्या पावत्या, अगदी आजेसासऱ्यांच्या काळच्या असतील त्याही, घेऊन दिवाणी कामं करणाऱ्या वकिलाकडे जा. जागेला कायदा कसा लागू होतो, तुमचं नाव कुठे आणि कसं यावं, हे ते त्या पावत्या बघून सांगतील. जाण्याआधी प्रत्येक पावतीचा फोटो काढून मुलाला पाठवून ठेवा. 22 जुलै 2021 ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा मालाबरोबर लोकांचे कागदही गेले. तुमची आळी उंचावर असेल, पण कौलं गळायला पूर लागत नाही.

आणि पैसे घेणार असाल, तर त्यात चोरी काही नाही. जागेवरचा हक्क सोडताना भाडोत्र्यानं मोबदला घेणं याच कायद्याच्या कलम 56 प्रमाणे कायदेशीर आहे. म्हणून ‘हातावर ठेवतो’ ही भाषाच चालू देऊ नका. रक्कम किंवा नव्या इमारतीतली जागा, यांतलं एक, नोंदणीकृत करारात. जागा घ्यायची ठरली तर किती चौरस फूट चटई क्षेत्र, तळमजल्यावर का, रस्त्याच्या तोंडाला का, बांधकाम चालू असताना तात्पुरती जागा नाहीतर भाडं कोण देणार आणि बांधकाम रखडलं तर काय, हे सगळं लिहून हवं. इमारतीच्या मागच्या बाजूला, जिन्याखाली मिळालेला गाळा किराण्याला काही कामाचा नाही. तिथे मीठ न्यायलाही कुणी येणार नाही.

आता दुकान चालवायचं की नाही. इथे मी तुम्हाला धीर द्यायला म्हणून काही लिहिणार नाही. आहे त्या रूपात ते फार वर्षं चालेल असं मला वाटत नाही. पण ते तुमच्या डोळ्यांसमोर आकड्यात यायला हवं, कारण आत्ता तुम्ही एकदा रागात बंद करायला निघता आणि एकदा अपराधी वाटून पुन्हा उघडता.

एक महिना एक वेगळी वही ठेवा. खरेदी, विक्री, वीजबिल, हमाली, उंदरांनी आणि दमट हवेनं घालवलेला माल, सगळं. शेवटी जे उरेल त्यातून दोन गोष्टी वजा करा, ज्या आजवर कुणी वजा केल्या नसतील. एक तुमची मजुरी. समजा महिन्याला 15,000 सुटतात. सकाळी सात ते एक आणि दुपारचं आवरून चार ते नऊ, असे दिवसाचे 11 तास, महिन्याचे 330. तासाला 45 रुपये झाले. त्यात माल लावणं, पहाटे ट्रकमधून पोती उतरवून घेणं, रात्री अकराला मागच्या दारानं कुणाच्या तान्ह्या बाळासाठी दुधाची पावडर काढून देणं धरलेलंच नाही. दुसरं भाडं. आज तेवढाच गाळा त्याच रस्त्यावर घ्यायचा तर काय भाडं पडेल ते विचारा आणि तेही वजा करून बघा. काय उरतं? आपल्याकडच्या कितीतरी दुकानांत उरलेलं हे ‘उत्पन्न’ म्हणजे जुनं भाडं आणि घरच्या बाईचे न मोजलेले तास, एवढंच असतं. धंद्यात नफा होत नसतो, बाई झिजत असते. हे तात्यांच्या किंवा तुमच्या कष्टांत काही कमी होतं म्हणून झालेलं नाही. साखरेच्या किलोमागे एक-दोन रुपये सुटतात, साबण-बिस्किटांवर छापील किमतीतला ठरलेला थोडका वाटा मिळतो, आणि मोठा खरेदीदार तोच माल कंपनीकडून तुमच्या वितरकापेक्षाही स्वस्तात उचलतो. 2021 च्या अखेरीस वितरकांच्या देशपातळीवरच्या संघटनेनं याच कारणावरून कंपन्यांशी भांडण मांडलं होतं. तुमच्या आळीतल्या कुणाच्या मायेवर हा तराजू फिरणार नाही.

म्हणूनच साबण, शांपू, बिस्किटांत त्या लोकांशी चढाओढ करू नका. जेवढं अडीनडीला खपतं तेवढंच ठेवा, पैसे त्यात अडकवू नका. सुटा माल हे तुमचं खरं बळ आहे. 18 जुलै 2022 पासून लेबल लावलेल्या पाकीटबंद डाळ-तांदळावर 5 टक्के जीएसटी आला, सुट्या मालावर तो नाही. शिवाय पाव किलो कुळथाचं पीठ, शंभर ग्रॅम आमसुलं, मूठभर तिरफळं, बघून आणि वाजवून घेतलेला नारळ, उकडा तांदूळ, चतुर्थीला लागणारं सगळं एका जागी, या गोष्टी फोनवरून नीट मिळत नाहीत. मिळाल्या तरी पाकीट मोठं आणि माल जुना. नव्या इमारतीत भाड्यानं राहणारी पोरं आणि एकटी राहणारी म्हातारी माणसं, या दोघांनाही थोडं-थोडंच लागतं. पण ‘कोकणी मेव्याचं दुकान काढा’ असा सल्ला तुम्हाला कुणी दिला तर सावकाश घ्या. पर्यटक गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर थांबतो, तुमच्या आळीत येत नाही. साठं आणि आगळ भरून ठेवून पावसाळ्यात बुरशी काढत बसायची वेळ यायला नको. स्वतः पिठं-मसाले करून विकायची हौस आणि ताकद असेल, तर लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची पीएमएफएमई योजना 2020 मध्ये सुरू झाली, कर्जाला जोडून 35 टक्के अनुदान, कमाल 10 लाख रुपये. ती अजून चालू आहे का, ही चौकशी जिल्हा कृषी अधीक्षकांच्या कार्यालयात करा. आधी मात्र वहीचा महिना पुरा होऊ द्या.

उधारीबद्दल तुम्ही पत्रात एकच वाक्य लिहिलंय, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडची उधारी आली कुठून ते तात्यांना विचारा. घरटी एक माणूस मुंबईच्या गिरणगावात, महिन्याच्या ठरावीक तारखेला मनिऑर्डर, आणि तोवर दुकानदाराची वही. पोस्टमन आला की वहीवर काट. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनिऑर्डरी आटल्या, तेव्हा कोकणातल्या किती घरांच्या चुली अशा वह्यांवर पेटल्या असतील! तात्या तेव्हा ऐन उमेदीत होते. त्या वर्षी त्यांनी काय केलं हे तुम्हाला कधी नीट सांगितलंय का त्यांनी? माझा अंदाज असा, की पानावरून उठणारा माणूस त्या वर्षाला धरून बसलाय. त्यांच्या लेखी हा धंदा नव्हताच, आळीनं टाकलेला विश्वास होता.

पण ती उधारी महिन्यानं फिटणारी होती. आजची तशी नाही. ज्याच्या फोनवरून एका मिनिटात पैसे जातात तो मिठाच्या पुडीला ‘लिही’ म्हणतो, तेव्हा तुमचे पैसे तो नुसते वापरतोय. आणि कायद्यानं अशी उधारी कोर्टातून वसूल करायची मुदत साधारण 3 वर्षं असते. मुदत संपण्याआधी देणेकऱ्यानं ‘इतके देणं आहे’ असं लिहून तारखेसह सही दिली, तर ती नव्यानं मोजली जाते. जी तीन-चार मोठी येणी असतील त्यांच्या पानावर आताच सही घ्या. सरळ सांगा, वही बंद करतेय, नवी वही उघडणार नाही. बाकीची जुनी पानं, ज्यांची माणसं गेली, गाव सोडून गेली, ती तात्यांबरोबर बसून एकदा वाचा आणि मिटवून टाका. वसुलीसाठी वाचायची नाहीत. त्या एका संध्याकाळी तुम्हाला तात्या जेवढे कळतील तेवढे इतक्या वर्षांत कळले नसतील.

त्यानंतर तात्यांशी बोला. ‘दुकान बंद करूया का’ हा प्रश्न त्यांना विचारूच नका, त्याला ते एकच उत्तर देऊ शकतात. ‘जमाना बदललाय’ हेही नको, ते त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त दिसतंय. त्यांना म्हणा, ‘तात्या, उद्या तुमच्या मागे मालक आला आणि म्हणाला, तू इथे कोण, तर मी कुठला कागद दाखवू?’ ते जन्मभर हिशेबात राहिलेले दुकानदार आहेत. या प्रश्नावर ते पानावरून उठतील असं मला वाटत नाही. उठलेच तर दुसऱ्या दिवशी स्वतः पावत्यांची पिशवी काढतील. नणंदेलाही आत्ताच सांगा, मागाहून कळायला नको. आधी वारलेल्या मुलाची बायको सासऱ्यांच्या वारसांत पहिल्या वर्गात मोडते, तसा लेकीचाही हक्क आहे. तिच्यापासून लपवून केलेल्या कागदानं पुढे घर फुटतं.

आता काकू. तुम्हाला राग आला ते चुकलं नाही. तुम्ही आळीच्या इतक्या गोष्टी फुकट सांभाळता, किल्ल्या, पार्सलं, पाहुण्यांना पत्ते, म्हाताऱ्यांच्या औषधांचे निरोप, की कुणाला ते काम वाटतच नाही. पण काकू यादी कुठे देतात हा त्यांचा प्रश्न आहे. पेन्शनीत दोनशे-तीनशे रुपये वाचत असतील तर त्यांनी ते वाचवावेत. तेरा दिवसांचा डबा आणि महिन्याचा किराणा या दोन गोष्टी तुम्ही एका वहीत लिहिल्यात, म्हणून झोप उडाली. डब्याची परतफेड त्या कधी मागणार नाहीत, तशी तुमच्या शेजाराची किंमत त्यांनी यादीतून फेडावी असंही धरू नका. पार्सल ठेवायला नाही म्हणण्याचा तुम्हाला हक्क होता. फक्त का नाही, ते त्यांना कळलं नाही, आणि जे त्यांना कळलं ते तुम्ही बोलला नव्हता. मान खाली घालून जातात याचा अर्थ त्यांनाही टोचतंय.

तुम्ही लहान आहात, तुम्हीच जा. दुकान बंद झाल्यावर, दुपारच्या चहाला. म्हणा, ‘काकू, मला त्या दिवशी वाईट वाटलं म्हणून नाही म्हटलं. पार्सल ठेवीन, पण मीठ रोखीनं न्या.’ एवढं मोकळं बोलण्याइतकं तुमचं नातं नक्कीच आहे. आणि त्यांना खरंच विचारा, तिकडून काय-काय मागवता, माझ्याकडे काय मिळत नाही, काय महाग पडतं. तुमच्या दुकानाबद्दल इतकं खरं उत्तर दुसरं कुणी देणार नाही. पार्सलांचं म्हणाल तर किराणा दुकानांना पार्सल ठेवण्या-पोचवण्याचे पैसे देणाऱ्या योजना आहेत. ॲमेझॉननं तशी एक 2015 मध्ये सुरू केली. त्या डिलिव्हरीच्या पोराला विचारा, रत्नागिरीत त्यांचं काम कोण बघतं. पैसे मिळत असतील तर दहा घरांची पार्सलं खुशाल ठेवा, नसतील तर शेजारधर्म म्हणून जेवढं मनापासून जमेल तेवढंच.

पुण्याचं मी शेवटी ठेवलं, कारण मुलगा प्रेमानं बोलावतोय तरी त्याला उत्तर द्यायची घाई नाही. दुकानाचा करार होईपर्यंत तुम्ही रत्नागिरी सोडू नये हे नक्की. त्यानंतर तुम्ही 47 व्या वर्षी कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये नुसतं बसणाऱ्या बाई आहात असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही. नव्या इमारतीत रस्त्याकडचा छोटा गाळा आणि सुट्या मालाचं, पिठांचं आटोपशीर दुकान, किंवा मोबदला घेऊन मानानं बंद करणं, यांतलं काहीही निवडा. दुसरं निवडलंत तर ती हार समजू नका, आणि तात्यांनाही तसं समजू देऊ नका. चतुर्थीला मुलगा आणि नणंद दोघंही घरी असतील. विसर्जनानंतर एक दिवस जास्त थांबा म्हणून आत्ताच सांगून ठेवा. त्या दिवशी महिन्याची वही, पावत्या आणि वकिलानं सांगितलेलं असं सगळं घेऊन तात्यांसकट बसा. तोवर मालकाचा मुलगा पुन्हा आला, तर त्याला एवढंच सांगा, जे काय असेल ते लेखी पाठवा.